ळी नाही, ली

आधीच सांगून ठेवतो, मी पाली शिकवतो. पाळी नाही. पाल नाही. पाली. अकरा वर्षं झाली शिकवून राहिलो, आणि अकरा वर्षांत नांदेडात एक माणूस असा भेटला नाही की त्यानं पहिल्या झटक्यात बरोबर ऐकलं.

लग्नात कुणी ओळख करून देतो, "हे आनंदराज सर, ज्युनिअर कॉलेजला असतात." समोरचा विचारतो, "विषय कोणता सर?" मी म्हणतो, "पाली." झालं. पुरुष खाली बघतात, बायका तोंडाला पदर लावतात. एका गृहस्थानं विचारलं, "अष्टविनायकातलं पाली का? लई जागृत हाय म्हणतात." बँकेतल्या मॅडमनं तर माझ्या फॉर्मवर सरळ लिहिलं, 'व्यवसाय: शिक्षक (पाळी)'. मी म्हणलं, "मॅडम, ळी नाही, ली." त्या म्हणाल्या, "तेच ते." तेच ते! अहो, बुद्धाचा उपदेश ज्या भाषेत जपला गेला ती भाषा, आणि ही बाई म्हणते तेच ते. माझं डोकं असं फिरलं ना, की खातंच बंद करावं वाटलं.

बाहेरच्यांचं काय घेऊन बसलात, माझ्या घरात काय वेगळं आहे? माझी लेक लुंबिनी यंदा दहावी झाली. नाव बघा, लुंबिनी. मी किती आशेनं ठेवलेलं. आणि अकरावीला तिनं दुसरा विषय घेतला आयटी. म्हणाली, "बाबा, आयटीत शंभरपैकी शंभर पडतात. पालीत पेपर तपासणारे सगळे तुमच्यासारखे असतात." तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी घरातलं वायफाय बंद पडलं आणि पासवर्ड तिलाच माहीत होता, म्हणून बोलावं लागलं.

तर अशा माणसाला यंदा जूनमध्ये प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे प्राचार्य पंचाक्षरी सर मूळ देवणीकडचे, कर्नाटकच्या शिवेवरचे. बोलणं एकदम मऊ, पण एखादी गोष्ट संपली की "आयतू" म्हणतात. आयतू म्हणजे कानडीत झालं, संपलं. त्यांच्या तोंडून आयतू निघालं की पुढं कुणी काही बोलत नाही.

"आनंदराज सर," ते म्हणाले, "मागच्या वर्षी पालीला चौदा पोरं. संस्थेनं ठरवलंय, यंदा वीस पाहिजेत. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता मी यादी पाठवणार. वीस असले तर पाली चालू. एकोणीस असले तर..."

"तर?"

"आयतू," सर म्हणाले.

पाली बंद म्हणजे माझे तास बंद. मी पर्मनंट नाही, तासिका तत्त्वावर आहे. अकरा वर्षं तत्त्वावरच आहे. पाली गेली तर मी उद्या काय शिकवू? मला दुसरं येतंय काय?

बरं, पोरं मिळवायची म्हणजे सोपं आहे का? सगळा मराठवाडा निघालाय लातूरला, डॉक्टर व्हायला. आमच्या कॉलेजातही सायन्सच्या टेबलापुढची रांग गेटच्या बाहेर, रसवंतीपर्यंत. कॉमर्सला बरी. आर्ट्सच्या टेबलावर आम्ही दोघं, मी आणि रामकिशन क्लार्क, आणि आमच्या दोघांत एक टेबल फॅन. त्यात दुपारी सगळ्या खोल्या सायन्सला लागतात, म्हणून पालीच्या पोरांना खोलीच नाही. त्यांची वेगळी ब तुकडी करून सकाळी साडेसातला मागच्या पत्र्याच्या खोलीत ढकलून दिली आहे. बाकीचं सगळं आर्ट्स अ तुकडीत, दुपारी बारा ते साडेपाच, पंख्याखाली. आमच्या खोलीत पंखा आहे, फक्त पाती नाहीत. यावर मी चार अर्ज दिले. चारही फाइलला लागले.

तरी मी फिरलो. जूनच्या उन्हात डोक्याला उपरणं बांधून विहार हिंडलो, वस्त्या हिंडलो, ओळखीतल्या ओळखीत मेव्हण्याच्या सोसायटीत पत्रकं वाटली. 'पाली शिका' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. छापखानेवाल्यानं पहिल्या प्रुफात 'पाळी शिका' छापलं. त्याच्याशी मी कसा भांडलो ते इथं सांगण्यासारखं नाही.

एवढं करून अठरा झाले. मग एक बिलोलीची पोरगी आली, एकोणीस. आणि प्रवेश संपायच्या आधीच्या शनिवारी रामकिशननं पोर्टलवरून यादी काढली आणि ओरडला, "सर, वीस! हे बगा, शिवांगी हणमंतराव तळणीकर. तालुका हदगाव. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के. विषय, पाली!"

हदगाव! जिथं मी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं! म्हणजे कुणी न सांगता, कुणी मागं न लागता, एका चौऱ्याऐंशी टक्केवाल्या पोरीनं आपल्या मनानं पाली निवडली. मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला, सायन्सवाल्यांनाही. घरी जाऊन लुंबिनीला म्हणलं, "बघ, हदगावच्या पोरीला कळतं ते तुला कळत नाही." तिनं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "तिचे बाबा पण पाली शिकवतात का?"

फक्त कागदपत्रं तपासायची राहिली होती. त्यासाठी पालक आणि विद्यार्थी दोघांनी यायचं, फॉर्मच्या प्रिंटवर सही करायची, मग मी सही करायची, मग रामकिशन बटण दाबणार. सोमवार शेवटचा दिवस. एकोणीस पोरांचं दुपारपर्यंत झालं. विसावी काही येईना. दर अर्ध्या तासानं पंचाक्षरी सर दारातून डोकावून विचारत, "आनंदराज सर, एकोणीस का वीस?" आणि मी म्हणत होतो, "वाटेत आहेत सर." वाटेत आहेत की नाहीत ते मला कुठं माहीत होतं!

चार वाजून दहा मिनिटांनी आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा, असे हणमंतराव. आणि मागं दोन वेण्या घातलेली, डोळे चौफेर फिरणारी शिवांगी. हदगावची गाडी वारंगा फाट्यावर पंक्चर झाली होती म्हणे.

"या, या, बसा!" मी स्वतःची खुर्ची दिली. "शिवांगी ना? अभिनंदन बेटा! लई चांगली निवड केली तू."

"तिनं कुठं केली?" हणमंतराव घाम पुसत म्हणाले. "मी केली. नेट कॅफेत मीच बसलो होतो फॉर्म भरताना."

"तुम्ही? पाली?"

"हाव. पोरीला काय कळतं त्यातलं? पाळीचं आमच्या घरात सगळं मीच बगतो."

मागच्या बाकावर कॉमर्सच्या दोन पोरी बसल्या होत्या. त्या फिस्सकन हसल्या. शिवांगीनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि भिंतीकडं बघायला लागली.

"ळी नाही, ली," मी सवयीनं म्हणलं.

"तेच ते," हणमंतराव म्हणाले. आनंदात होतो म्हणून मी सोडून दिलं. ते पुढं बोलून राहिले, "तिच्या आजीचा तर पहिल्यापासून हट्ट. म्हणली, आधी पाळी पक्की करा, मग बाकीचं बगा. एकदा का पाळी गडबडली की सगळ्या घराला ताप होतो."

कॉमर्सच्या पोरी आता बाकाखाली पडलेला पेन शोधायला लागल्या. दोघी एकच पेन शोधत होत्या.

"आजींचा हट्ट?" मला तर भरूनच आलं. "एवढ्या वयाची माउली, आणि पालीसाठी हट्ट?"

"मग! चतुराबाई नाव हाय तिचं. ती म्हणली, सकाळची मिळाली तर पोरगी कॉलेजात जाईल. दुपारची मिळाली तर घरीच बसंल. एकच बोलणं."

सकाळची. हा शब्द ऐकला आणि मी फॉर्मची प्रिंट स्वतःकडं ओढली.

"भाऊ," मी सावकाश विचारलं, "तुम्ही फॉर्ममध्ये नेमकं काय निवडलं, मला जरा सांगता का?"

"सांगतो की. तो कॅफेवाला पोरगा लई घाईत. म्हणला, दुसरं काय टाकू लवकर सांगा, मागं पंधरा माणसं हाईत. त्यानं ती यादी उघडली, सगळी इंग्रजीत. मला इंग्रजी येत न्हाई, पण अक्षरं लागतात. मी एकेक लावत गेलो. हिंदी, संस्कृत, उर्दू, आणि मग आलं, पी, ए, एल, आय." त्यांनी टेबलावर बोटानं लिहून दाखवलं. "पाळी! मी म्हणलं, अरे हे बग, हेच पाहिजे, टाक पाळी. आता त्यात सकाळची का दुपारची ते काही विचारलं न्हाई त्यानं. मी म्हणलं, ते कॉलेजात विचारतील."

रामकिशननं टेबल फॅन बंद केला. का केला ते त्यालाच माहीत. मी त्या प्रिंटकडं बघत बसलो. PALI. चार इंग्रजी अक्षरं. त्यात ल आहे का ळ आहे, हे सांगायची सोयच नाही. अकरा वर्षं मी जगाशी भांडलो, आणि शेवटी माझा विसावा विद्यार्थी त्याच ळी मधून आला होता.

दारात पंचाक्षरी सर. "आनंदराज सर, एकोणीस का वीस?"

"वीस सर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तपासून झालं?"

"करून राहिलो सर."

ते गेले. घड्याळात साडेचार. आता खरं सांगतो, लपवत नाही. माझ्या मनात आलं, आनंदराज, गप बस. तू काय खोटं बोललास? चूक त्यांची. अक्षरं त्यांनी लावली. बटण त्यांच्या माणसानं दाबलं. तू फक्त सही कर, पोरगी जुलैत वर्गात येईल, दोन महिन्यांत तिला गोडी लागेल, डिसेंबरात तुझे आभार मानील. दुसरं मन म्हणालं, लेका, पहिल्याच तासाला पोरांना पंचशील कोण शिकवतं? खोटं बोलू नये हे त्यातलं चौथं ना? पहिलं मन म्हणालं, खोटं बोलू नये म्हणलंय, गप बसू नये कुठं म्हणलंय? मी या वादात बराच वेळ होतो. रामकिशन म्हणतो, माझे ओठ हलत होते.

शेवटी मी प्रिंट पुढं सरकवली. खाली छापलं होतं, 'वरील विषय मी वाचून व समजून निवडले आहेत.' त्याखाली पालकाची सही.

हणमंतरावांनी माझाच पेन घेतला. "कुठं करू सही?"

"इथं."

"काय लिहिलंय वाचून दाखवता का? चष्मा गाडीत राहिला." मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "जाऊ द्या, तुम्ही सर माणूस. तुम्ही म्हणता तिथं करतो." आणि पेन टेकवला.

आता सांगा, माणसानं एवढा विश्वास टाकावा का? राग आला मला त्यांचा. भोळेपणाची काही हद्द असते! मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांबा भाऊ. सही करू नका."

"का?"

"ही पाळी नाही. पाली आहे. भाषा आहे ती. मराठी, हिंदी असते तशी. सकाळ-दुपारचा काही संबंध नाही. तुमची चूक झाली आहे, आणि मला ती पंधरा मिनिटांपासून माहीत आहे. माझी पोरं कमी पडून राहिली म्हणून मी गप बसलो होतो. माफ करा."

बोललो आणि हलकं वाटलं. एकच क्षण वाटलं. कारण समोरून शिवांगी दात ओठ खात म्हणाली, "काय सर तुम्ही पण! कशाला सांगितलं?"

मी चाट पडलो. हणमंतराव तिच्याकडं बघतच राहिले. मग एकदम उसळले, "त्या कॅफेवाल्याच्या तर! भाषा व्हय ही? सर, काढा ती. मराठी टाका. आपली मराठी काय वाईट हाय?"

"टाकतो," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार? रामकिशनला खूण केली. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, विषय बदलायचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं, "मराठी, अ तुकडी. वेळ दुपारी बारा ते साडेपाच. बदलू का सर?"

"दुपारी?" हणमंतराव उभे राहिले. "न्हाई, न्हाई! साडेपाचला सुटली तर हदगावला उतरायला आठ वाजतात. तिथून गाव चार किलोमीटर. सकाळी मी मोटारसायकलवर नेऊन बसवतो गाडीत, त्याचं काही न्हाई. रात्रीचं आई ऐकणार न्हाई. सकाळची बगा की सर कुठं असली तर."

"सकाळची एकच आहे," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्याच डोक्यात उजेड पडला. ज्या तुकडीवर मी चार अर्ज केले, ज्या पत्र्याच्या खोलीला रोज शिव्या दिल्या, तीच एक सकाळची.

पण माझ्याआधी बोलली शिवांगी. तिनं दप्तरातून कॉलेजचं माहितीपत्रक काढलं. घडी घालून घालून चिरलेलं. आतल्या पानावर एक ओळ निळ्या पेनानं दोनदा अधोरेखित केलेली. 'ब तुकडी (पाली): सकाळी ७.३० ते १२.३०.'

"पप्पा, सकाळची फक्त पालीवाल्यांनाच हाय. मी आधीच वाचलं होतं."

"म्हंजी... कॅफेत तुला माहीत होतं?"

"हाव. तुम्ही पाळी पाळी म्हणून राहिले, मी म्हणलं, असू दे, बरंच हाय."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

शिवांगीनं मान खाली घातली. पण आवाज खाली नव्हता. "सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, ही कुणाची भाषा म्हणून. मग गावात विचारलं असतं. मग काकांनी सांगितलं असतं, आणि मी घरी बसले असते. मला घरी बसायचं न्हाई, पप्पा. मामा लातूरला ये म्हणला, तिथं आजीनं पाठवलं न्हाई. आता ही एकच गाडी हाय मला, पहाटे साडेपाचची. ही गेली की मग न्हाईच."

मागच्या बाकावरच्या पोरी कधीच हसायच्या थांबल्या होत्या. मला त्या पोरीचा राग यायला पाहिजे होता. बापाला फसवलं, माझा विषय गाडी पकडायला वापरला. आणि मी शनिवारी चहा वाटला होता, आपल्या मनानं निवडली म्हणून! पण खरं सांगतो, मला रडू आलं. मी रामकिशनला पंखा लाव म्हणलं.

हणमंतराव खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टेबलावरच्या माझ्या नावाच्या पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पाटीकडं. "सर, राग मानू नका," ते हळू म्हणाले. "ही तुमच्या लोकांची भाषा ना?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला लोकांनी शंभर तऱ्हेनं विचारला. तोंडावर इतक्या सरळ कुणी नाही. माझं डोकं तापायचं ते तापलंच. "भाऊ, भाषा कुणाच्या सातबाऱ्यावर नसते," मी म्हणलं. "तिथं कुणाचं नाव लागत नाही, वारस लागत नाही. जो शिकेल त्याची. तुमची पोरगी शिकली तर तिची."

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उलटी करून बघितली. मलाच वाटलं, जरा जोरात बोललो. घड्याळात पावणेपाच.

"अवघड हाय का?" त्यांनी विचारलं.

"तिला? ज्या पोरीनं तुम्हाला आणि मला एकाच फॉर्ममध्ये गुंडाळलं तिला काहीच अवघड नाही."

त्यांना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं. "आणि बारा-साडेबाराला सुटणार, नक्की? एकची गाडी मिळंल?"

"मी स्वतः घड्याळ लावून सोडीन. लेखी देऊ का?"

"गावात काय सांगू पण?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही, टोपीला विचारला. "चार माणसं बसली की विचारतील. हणमंतराव, पोरीला काय मिळालं?"

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. साधा, बटणांचा. त्यांनी बघितलं आणि सावरून बसले. "आई हाय." उचलला, आणि त्या फोनला स्पीकरची गरजच नव्हती. चतुराबाईंचा आवाज सायन्सच्या रांगेपर्यंत गेला असेल.

"हणमंता! काय झालं रे? मिळाली का पाळी?"

हणमंतरावांनी शिवांगीकडं बघितलं. पोरीनं श्वास धरून ठेवला होता, दोन्ही हातांत ते चिरलेलं माहितीपत्रक. बापानं पेन उचलला, प्रिंटवर टेकवला आणि मोठ्ठ्या अक्षरात सही केली. सही करता करता फोनमध्ये म्हणाले, "मिळाली आई. पाली मिळाली."

"सकाळची?"

"हाव. सकाळची."

"खरं सांग! तुला कुणीबी गंडवतंय. तिथं कुणी मास्तर हाय का? दे त्याच्याजवळ."

फोन माझ्या हातात आला. हणमंतराव माझ्याकडं बघत होते. शिवांगी बघत होती. रामकिशन पालीच्या पानावर परतला होता, बोट बटणावर. दारात पंचाक्षरी सर येऊन उभे होते, यादी हातात घेऊन.

"कोण बोलतंय?" चतुराबाई गरजल्या. "मास्तर, माझ्या नातीची पाळी पक्की झाली का? का नुसतं तोंडावर बोलून राहिले?"

ळी नाही, ली. हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. बँकेत, लग्नात, छापखान्यात, कुठं म्हणून मी ते सोडलं नव्हतं. आताही येणारच होतं. मी ते गिळलं, उजव्या हातानं प्रिंटवर माझी सही केली आणि रामकिशनकडं बघून मान हलवली. त्यानं बटण दाबलं.

"हाव माय," मी म्हणलं. "पाळी पक्की. एकदम सकाळची. तुमची नात उजेडात घरी येईल."

"मग बरं झालं," म्हातारी म्हणाली आणि फोन कट केला.

शिवांगीनं एकदाचा श्वास सोडला आणि ओढणीनं डोळे पुसले. हणमंतराव टोपी घालत माझ्याकडं बघून म्हणाले, "खोटं न्हाई बोलले तुम्ही, सर."

"नाही ना," मी म्हणलं. मीही तेच तपासून बघत होतो.

पंचाक्षरी सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, यादीवर विसावं नाव आपल्या हातानं लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "आयतू."